उसात साखर कोण घालतं?

माझी भाची चौथीत आहे, चिमी म्हणतो आम्ही तिला. गेल्या महिन्यात गावी गेले (गाव करवीर तालुक्यातलं, दारातनं बाहेर पडलं की दोन्ही अंगाला ऊसच ऊस) तेव्हा तिचं 'वनस्पतीचे अवयव' पाठ करणं चाललेलं. वहीत तेच चित्र, जे मी काढलं होतं आणि बहुतेक माझ्या आईनंपण काढलं असणार, खाली दाढीसारखी मुळं, मधे हिरवी काठी, दोन्हीकडं दोन-दोन पानं आणि टोकाला एक लाल फूल. हे नक्की कुठलं झाड असतं ते आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. ओसरीवर बसून पाय हलवत ती म्हणत होती, मूळ पाणी शोषतं, खोड आधार देतं, पान अन्न तयार करतं, फूल शोभा देतं. एका हातात वही, दुसऱ्या हातात उसाचं कांडं, पाठांतर आणि चघळणं दोन्ही एकाच तोंडानं. मधेच थांबली आणि म्हणाली, "आत्या, मग उसात साखर कोण घालतं?"

दादा, म्हणजे तिचा बाप, गोठ्यातनंच ओरडला, "आपली मातीच गोड हाय!"

आता ह्यावर कोल्हापुरात कोण नाही म्हणणार. पण प्रश्न इतका भारी होता की मी वही मिटवून ठेवली आणि पुढचे दोन दिवस आम्ही त्या साखरेच्याच मागं लागलो. तेच इथं लिहितेय, तुमच्याकडं पण पोरं असतील तर वाचून दाखवा, आणि पोरांनो, तुम्हीच वाचत असाल तर शेजारी एक उसाचं कांडं घेऊन बसा, लागणार आहे.

आधी मातीचं बघू. झाड माती खाऊन मोठं होतं असं पूर्वी सगळ्या जगालाच वाटायचं. आजच्या बेल्जियममध्ये व्हॅन हेल्मॉन्ट नावाचा एक माणूस होता, त्यानं म्हटलं मोजूनच बघतो. मोठ्या कुंडीत सुमारे ९० किलो वाळवलेली माती घातली, त्यात सव्वादोन किलोचं विलो नावाच्या झाडाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं ७६-७७ किलो. माती परत वाळवून तोलली तर कमी किती झाली होती? साधारण ५७ ग्रॅम. म्हणजे पाऊण क्विंटल झाड आणि माती गेली मूठभर! हा प्रयोग त्याच्या मरणानंतर १६४८ साली छापून आला. त्याला वाटलं झाड म्हणजे सगळं पाणीच. अर्धं बरोबर होतं बिचाऱ्याचं, उरलेलं अर्धं कुठनं येतं ते त्याला दिसलं नाही कारण ते डोळ्याला दिसतच नाही, ते हवेतनं येतं.

चिमीला हे पटेना. मग तिला शेजारच्या गुऱ्हाळावर नेलं. तिथं रस काढून झालेली चिपाडं चुलवाणात जाळतात, काहिलीखाली. ढीगच्या ढीग चिपाड आत जातं आणि शेवटी निघते काय तर थोडीशी राख. तिला म्हटलं, ही राख बघ, मातीनं उसाला जे दिलं ते जवळजवळ एवढंच. बाकीचं जे जळून धूर होऊन वर गेलं ना, ते बहुतेक सगळं हवेतनं आणि पाण्यातनं आलं होतं, हवेत परत गेलं. म्हणून माती काही कामाची नाही असं नाही हं, ती राखेएवढी क्षारांची चिमूट नसेल तर झाड पिवळं पडतं, आणि गुळाचा रंग-चव जमिनीवर बदलते हे कुठलाही गुळव्या सांगेल, चोपण, म्हणजे खारवट जमिनीतला गूळ खारट लागतो. पण साखर मातीत नसते. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग खताचं बिल मी हवेला पाठवू काय?" त्याचंही बरोबर आहे.

तर मग हवेची साखर करतं कोण? पान. उसाचं पान हातात घेतलंय कधी? जपून घ्या, कडेला बारीक करवतीसारखे दात असतात, वाळूत जो सिलिका असतो तोच उसानं पानात भरून ठेवलेला असतो, त्यामुळं हात चिरतो. पानावर लांबच्या लांब समांतर रेषा दिसतील, त्या शिरा. गवताची सगळी घरं अशीच, ज्वारी, मका, भात, बांबू आणि ऊस, हो, ऊस म्हणजे एक माजलेलं गवतच आहे! जास्वंदीचं नाहीतर पिंपळाचं पान घेतलं तर शिरांची जाळी दिसते, ती वेगळी बिरादरी.

पानाला बारीक बारीक तोंडं असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यातनं हवा आत जाते. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो, तोही किती थोडा, हवेचे दहा हजार भाग केले तर त्यातले जेमतेम चार. मुळाकडनं आलेलं पाणी आणि हा कार्बन डायऑक्साइड पानातल्या हिरव्या रंगाच्या, म्हणजे हरितद्रव्याच्या ताब्यात येतात आणि मग उन्हाची ताकद वापरून दोघांची मोडतोड करून पान त्यातनं साखर जोडतं. जोडताना ऑक्सिजन उरतो तो बाहेर सोडून देतं, आणि आपण तो उरलासुरला माल घेऊन जगतोय. ह्याला पुस्तकात प्रकाशसंश्लेषण म्हणतात, शब्द मोठा आहे पण फोडला तर सोपा आहे, प्रकाश घेऊन जोडणं.

ऊस ह्या कामात जरा जास्तच हुशार. साधी झाडं कार्बन डायऑक्साइड येईल तसा वापरतात, त्यात बरीच गळती होते, कडक उन्हात तर फारच. ऊस, मका, ज्वारी हे काय करतात, तो आधी पकडून पानाच्या आतल्या खोलीत नेऊन साठवल्यासारखा करतात आणि मग तिथं दार लावून साखर करतात. १९६६ साली हॅच आणि स्लॅक ह्या दोघांनी ऑस्ट्रेलियात उसाच्याच पानांवर काम करून ही भानगड उलगडली. म्हणून मे महिन्याच्या उन्हात आपण सावलीला पळतो आणि खाली पाणी असलं तर ऊस मात्र उभ्या उभ्या वाढतो.

पानाच्या त्या बारक्या तोंडांतनं पाण्याची वाफपण बाहेर जाते. हे बघायला काही लागत नाही, दारातल्या जास्वंदीच्या एका फांदीला सकाळी प्लास्टिकची पारदर्शक पिशवी घालून तोंड दोऱ्यानं बांधायचं आणि दुपारी बघायचं. आतनं थेंब थेंब लागलेले असतात. चिमी म्हणाली झाडाला घाम आला, म्हटलं तसंच समज. पण हा घाम फुकट जात नाही, वर पानातनं पाणी उडालं की खालचं पाणी वर ओढलं जातं, स्ट्रॉनं उसाचा रस ओढतो ना आपण तसं. मोटर नाही, लाइट नाही, आकड्याचं बिल नाही आणि दहा-बारा फुटांवर पाणी चढतं.

ते कुठनं चढतं ते दाखवते, आता ते कांडं घ्या. सोला, चावा, रस गिळा. तोंडात काय राहिलं? चोयट्या, दातात अडकतात त्या. ह्या धाग्यांनाच नीट बघा, हे उसाचे पाइप आहेत. प्रत्येक धाग्यात दोन प्रकारच्या नळ्या, एक जलवाहिनी, तिच्यातनं पाणी मुळाकडनं वर जातं, आणि दुसरी रसवाहिनी, तिच्यातनं पानात तयार झालेली साखर पाण्यात विरघळून झाडभर फिरते, जिकडं गरज तिकडं. धाग्यांच्या मधे जो मऊ रसाळ भाग होता, जो तुम्ही आत्ता गिळला, ती साखर ठेवायची कोठारं. म्हणजे खोड आधार देतं हे खरंच, पण एवढंच लिहिलं तर खोडावर अन्याय आहे. ते रस्ता पण आहे आणि गोदाम पण.

साखर जिथं वाढ चाललीय तिथं खर्च होते आणि जिथं वाढ संपलीय तिथं साठते. म्हणून बुडख्याकडचं कांडं गोड आणि शेंड्याकडचं फिकं, शेंड्यातली सगळी साखर नवीन पानं काढण्यात जाते. तोडणीवाले शेंडा छाटून टाकतात, ते वाढं मग गुरांना. कारखान्यात एक टन ऊस गेला की आपल्या भागात त्यातनं साधारण १२० किलो साखर निघते, ह्यालाच बारा टक्के उतारा म्हणतात, आणि जवळजवळ ७०० किलो तर पाणीच असतं. कांड्यावर पांढरी पावडर असते बघा, बोट फिरवलं की निघते, ते मेण. पाणी उडून जाऊ नये म्हणून उसानं स्वतःलाच लावलेलं.

पाइप डोळ्यांनी बघायचे असतील तर निशिगंधाची एक दांडी आणा, टोक तिरकं कापा आणि खायच्या रंगाच्या पाण्यात उभी करा. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पाकळ्यांवर रंगाच्या रेघा आलेल्या असतात. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा रंग फार पातळ झाला आणि काहीच दिसलं नाही, चिमी म्हणाली तुझं झाड नापास. परत केलं, दाट रंगात, तेव्हा आलं. आणि त्या ग्लासला मांजरानं धक्का दिला, वहिनीच्या पांढऱ्या चादरीवर अजून निळा डाग आहे, तर चादरीपासनं लांब करा.

मुळाचं काम पाणी शोषणं, हे पाठ आहे सगळ्यांना. पण मूळ म्हणजे नुसता नळ नव्हे. उसाची मुळं दाढीसारखी पसरतात, जाड सोटमूळ नसतंच, आणि ह्या दाढीच्या टोकाला केसाहून बारीक मूळरोम असतात, खरं पाणी तेच आत घेतात, म्हणून रोप उपटून दुसरीकडं लावलं की ते मान टाकतं, केस तुटलेले असतात ना. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये असं आपण म्हणतो, ते माणसांसाठी आहे, पण उसालाही ते बरंच आहे, कारण ऊस तोडून बुडखा रानात ठेवला तर त्यातनंच खोडवा उठतो, परत लागण करायला नको.

आणि अजून एक, जे पुस्तकात एका ओळीत पण नसतं. मुळं श्वास घेतात. पानं घेतात, खोड घेतं, मुळं पण घेतात, दिवसा आणि रात्री, आपल्यासारखाच ऑक्सिजन आत घेऊन. मातीच्या कणांमधे पोकळ्या असतात त्यातल्या हवेवर ती जगतात. २०१९ चा महापूर चिमीला थोडासुद्धा आठवत नाही, पण दादाला आठवतो. पंचगंगेचं पाणी रानात शिरलं आणि उतरेचना. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, उसाला पाणी आवडतं मग पाण्यानं का मेला? कारण मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या, मुळांना हवाच मिळाली नाही, गुदमरली. शिवाय ज्या उसाचा शेंडा बुडाला त्याच्या पोंग्यात गाळ गेला आणि तो आतनं कुजला. पोंगा म्हणजे वरची गुंडाळलेली पानं, त्यांच्या आत खाली उसाचं वाढायचं टोक असतं.

पण शेंडा मेला तरी काही ऊस मेले नाहीत, त्यांना कडेनं पांगशा फुटल्या. कांड्याच्या प्रत्येक पेराला एक डोळा असतो बघा, एकदा डाव्या बाजूला, पुढच्या पेराला उजव्या. तो डोळा म्हणजे झोपलेला कोंब. शेंडा जिवंत असतो तोवर तो खाली निरोप पाठवत असतो, ऑक्झिन नावाच्या रसायनाचा, की तुम्ही गप्प पडा, वाढायचं काम माझं. शेंडा गेला की निरोप बंद, आणि खालचे डोळे एकेक जागे होतात. घरी तुळशीचा शेंडा आजी का खुडते ते आता कळलं असेल, खुडली की डेरेदार होते.

हा डोळा नीट ध्यानात ठेवा, कारण आता मंडईत जायचंय.

चिमीच्या एका चाचणीत प्रश्न होता, 'जमिनीखाली वाढणाऱ्या भागाला काय म्हणतात?' आणि उत्तर मूळ, एक मार्क. मला असल्या प्रश्नांचा राग येतो. झाडाचा भाग कुठं आहे ह्यावरनं ओळखायचा नसतो, तो कसा आहे आणि काय करतो ह्यावरनं ओळखायचा असतो. कपिलतीर्थ मार्केटात गेलो आणि तिला म्हटलं जमिनीखालून निघालेलं काय काय दिसतंय ते उचल. बटाटा, रताळं, गाजर, कांदा, आलं, ओल्या भुईमुगाच्या शेंगा. भाजीवाल्या मावशी बघतच राहिल्या, पोरगी भाजी घेते की तपासणी करते.

बटाट्याला काय असतं? डोळे! आपण त्याला डोळेच म्हणतो, उसाला जो शब्द तोच बटाट्याला, आपल्या आज्यांना शास्त्र न शिकता हे माहीत होतं. डोळा आहे म्हणजे ते खोड. बटाटा म्हणजे जमिनीखाली जाऊन लठ्ठ झालेलं खोड. आल्याला पेरं दिसतात, कडा कडा, वर वाळक्या पापुद्र्याच्या खुणा, तेही खोड. हळद पण. रताळं उलटसुलट करून बघा, असे ओळीत डोळे सापडत नाहीत, बारीक तंतू तेवढे, ते मूळ. गाजर, मुळा, बीट ही मुख्यतः मुळंच.

कांद्यानं मात्र चिमीला फसवलं, ती म्हणाली खोड. कांदा उभा कापला, बुडाशी एक चपटी चकती असते जिला खाली मिशा फुटलेल्या असतात, जी आपण चिरायच्या आधी कापून टाकतो, खरं खोड ती चकती तेवढीच. वरच्या सगळ्या पाकळ्या म्हणजे पानांचे जाड झालेले बुंधे, त्यात अन्न भरून ठेवलेलं. म्हणजे कांदाभजी ही पानांची भजी झाली, आळूवडीसारखी.

आणि भुईमूग तर नाटकी आहे. त्याचं पिवळं फूल वर हवेतच येतं, मग फूल सुकलं की त्याच्यातनं एक आऱ्या निघते, ती खाली वाकत वाकत मातीत घुसते आणि टोकाला जमिनीखाली शेंग धरते. शेंग म्हणजे फळ. तर त्या चाचणीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की खोड, मूळ, पान, फळ, काहीही असू शकतं. एक मार्क कुठं द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

ह्या सगळ्यांत पानानं केलेलीच साखर आहे बरं का, फक्त बहुतेक झाडं ती साखरेच्या रूपात ठेवत नाहीत, कण एकमेकांना जोडून पिठूळ करून ठेवतात, त्याला स्टार्च म्हणतात. बटाट्यात तो, ज्वारीत तो, कच्च्या केळ्यात तो. भाकरीचा नुसता तुकडा गिळायची घाई न करता चावत राहा, एक-दोन मिनिटांनी गोडसर लागायला लागतो. तुमची लाळ स्टार्च परत सुट्टा करते, आणि साखर सापडते. चिमीनं हे दिवसभर केलं, जेवायला तासभर लागला, वहिनी माझ्यावर वैतागली.

आता फूल. 'फूल शोभा देतं' हे वाक्य कुणी पहिल्यांदा लिहिलं ते मला बघायचंय. दादाला विचारा फूल काय देतं. उसाला तुरा येतो ना, नोव्हेंबरात रानभर चंदेरी, फोटो काढायला लोक गाड्या थांबवतात, त्यावेळी दादाचं तोंड उतरलेलं असतं. पावसाळा सरता सरता रात्री लांबायला लागल्या की शेंड्यातल्या वाढायच्या टोकाचंच फूल व्हायला लागतं, म्हणजे पुढं नवीन कांडी बंद. मग तसाच ऊस रानात राहिला तर साखर खर्ची पडते, आतनं पोकळ पडतो, वजन घटतं. झाडाच्या बाजूनं बघितलं तर त्याचं काही चुकत नाही, त्याला बी करायचंय, त्याची साखर त्यासाठीच होती, आपणच मधे हात घातलाय.

उसाच्या तुऱ्यातली फुलं फार बारीक, बघायला गंमत नाही, म्हणून परसातल्या भेंडीचं फूल तोडलं. पिवळं, आत गडद जांभळा ठिपका, जास्वंदीशी एकदम मिळतंजुळतं, कारण दोघी एकाच घराण्यातल्या. पाच पाकळ्या एकेक काढल्या. पाकळ्या म्हणजे पाटी, मधमाशीसाठी, इकडं या म्हणून. मधे एक नळकांडं, त्यावर पिवळे बारके दाणे, ते पुंकेसर, बोट लावलं की पिवळी पूड लागते ते परागकण. नळकांड्याच्या आतनं वर आलेली टोकं ही स्त्रीकेसराची. परागकण तिथं चिकटला की त्यातनं एक नळी खाली खाली जाते आणि बुडाशी जे हिरवं बोंड असतं त्यातल्या बीजांडापर्यंत पोचते. मग पाकळ्या गळतात, बोंड लांबतं, आणि आठवडाभराच्या आत भेंडी तोडायला येते. आडवी कापा, पाच खण दिसतील, रंगात बुडवून ठसे काढतो ना शाळेत, तेच खण, प्रत्येकात बियांची ओळ. आत बिया आहेत म्हणजे ते फळ, भाजीवाल्या मावशींनी काहीही म्हणू दे. वांगं, मिरची, काकडी, सगळी फळंच.

भेंडीचा आणि उसाचा अजून एक संबंध आहे, तो गुऱ्हाळावरच दिसतो. काहिलीत रस तापायला लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो, मग रसातली घाण त्या चिकटात अडकून फेसाबरोबर वर येते, तिला मळी म्हणतात, ती झाऱ्यानं काढून टाकायची. चिमी म्हणाली म्हणजे आपला गूळ भेंडी खाऊन गोरा होतो. मला ह्याहून बरं वाक्य सुचलं नाही.

आमच्याकडं उन्हाळ्यात चटणी करायची असते, कोल्हापुरी चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, बाहेरच्या लोकांनो ती खोबऱ्याची चटणी नव्हे. सगळं भाजून ताटांत पसरून ठेवतात आणि मग डंकावर कुटायला नेतात. वहिनीचा एका पाहुण्यांसाठीचा उरलेला खडा मसाला डब्यात होता तो मी चिमीपुढं ओतला, म्हटलं आता कोण काय ते सांग. मिरची फळ, तीळ आणि खसखस बिया, तमालपत्र पान, दालचिनी साल, म्हणजे खोडाचं आवरण. धणे-जिरे बियांसारखे दिसतात पण खरं तर अख्खी वाळलेली फळंच ती. खोबरं म्हणजे नारळाच्या बियेनं आपल्या कोंबासाठी बांधलेला डबा. लवंग गरम पाण्यात घालून फुगवली आणि टोकावरची गोळी नखानं उघडली, आत बारीक पाकळ्या घड्या घालून ठेवलेल्या, पुंकेसर पण, न उमललेली कळी आहे ती! हे मी चाळिशीत पहिल्यांदा बघितलं, इतकी वर्षं पुलावातनं काढून ताटाच्या कडेला ठेवत होते. हिंग कशातनं येतो तर एका झाडाच्या मुळाला चीर पाडली की निघणाऱ्या चिकातनं. म्हणजे मूळ, खोड, पान, कळी, फळ, बी, वहीतलं अख्खं चित्र एका ताटात.

राहिलं दगडफूल. चिमी म्हणाली फूल. नाही. पान? नाही. दगडफूल झाडच नाही, बुरशी आणि शेवाळ दोघांनी मिळून थाटलेला संसार आहे तो, शेवाळ उन्हावर साखर करतं आणि बुरशी राहायला घर देते. ना मूळ, ना खोड, ना पान, आणि नावात फूल.

बी बघायला तर आपल्याकडं मिसळ आहेच. मटकी रात्री भिजवली, सकाळी फडक्यात बांधली, दुसऱ्या दिवशी मोड. पहिल्यांदा जो पांढरा मोड निघतो तो कोंब नसतो, मूळ असतं. बीला आधी पाणी पायजे, पान नंतर. ते मोड तसेच ओल्या फडक्यात चार दिवस जास्त ठेवले की मागनं पानं निघतात. आणि भिजलेला शेंगदाणा उघडला तर दोन डाळिंब्यांच्या टोकाला एक बारका कोंब असतो, आपण कूट करताना जो पडतो तो, भिंगातनं बघितला तर त्याला घड्या घातलेली पानं आधीच आहेत. बाकीचा दाणा म्हणजे ते पान उघडून कामाला लागेस्तोवरचा शिधा.

उसाला बी असतं का, हे तिनं विचारलंच. असतं, तुऱ्यात, कापसासारख्या लवेत अडकलेलं, मोहरीपेक्षाही बारीक. पण शेतकरी ते पेरत नाही, कारण एकाच तुऱ्यातल्या बियांतनं निघणारे ऊस एकमेकांसारखे नसतात, एक गोड, एक फिका, एक काडीसारखा. नवीन जात काढायची असेल तेव्हाच बी कामाचं, कोइमतूरला १९१२ साली त्यासाठी केंद्र निघालं, आणि आपल्या रानातल्या 'को ८६०३२' मधला 'को' म्हणजे कोइमतूरच. बाकी आपण टिपरी लावतो. कांड्याचे तुकडे, एक डोळ्याचे नाहीतर दोन डोळ्यांचे, सरीत दाबायचे. पेराजवळ बारीक ठिपक्यांची रांग असते तिथनं मुळं निघतात आणि डोळ्यातनं कोंब. त्यामुळं नवा ऊस हा जुन्याचं पोर नाही, तोच ऊस आहे पुढं चालू.

आम्ही दोन टिपऱ्या आणल्या कोल्हापूरला, बाल्कनीत जुन्या डब्यात ओल्या मातीत आडव्या ठेवल्या. चिमी सुट्टीला माझ्याकडंच होती. चार-पाच दिवसांत ठिपक्यांतनं पांढरी मुळं दिसायला लागली, दोनेक आठवड्यांनी एकीचा कोंब मातीबाहेर आला, हिरवट टोकदार, अजून पान उघडलेलं नाही. परवा मी ऑफिसातनं आले तर दुसरी टिपरी उकरलेली, सोललेली आणि तिच्यावर दातांचे वण.

"आत्या, ह्यातली साखर गेली," म्हणाली. "फिक्की लागतीय. आणि थोडी कशीतरीच."

कोंब फुटलेला होता त्या टिपरीला, तोही तिनं मोडून बाजूला ठेवला होता, नीट वहीवर. मी तो परत डब्यात खोचलाय, बघू.